हातमोज्यातली हवा

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला आम्ही घरात अडीच म्हणायचो. त्याची गाडी शून्यावरून शंभरावर अडीच सेकंदात जाते, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा, त्यावरून ते नाव पडलं. ठेवलं होतं अप्पांनीच, लग्नाच्या आधी, कौतुकाने. पुढे मी त्यात भर घातली, की गाडी अडीच सेकंदात शंभर गाठते आणि मालक दीड सेकंदात. धाकटी त्यावर खळखळून हसली होती. तेव्हा तिच्या लग्नाला चारच महिने झाले होते.

अप्पा म्हणजे आमचे वडील. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या विजेच्या मोटारी पुन्हा चालत्या करायच्या, हा त्यांचा धंदा. विजेची गाडी कालपरवा निघाली असं कुणी म्हटलं की त्यांना चेव यायचा. हातातलं काम टाकून ते त्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगत. पेट्रोलच्या गाडीला तेव्हा समोरून हँडल मारावं लागायचं. ते उलटं फिरलं की मनगट मोडायचं, कुणाकुणाचा जबडा फुटायचा. विजेच्या गाडीला ना हँडल, ना धूर, ना आवाज. म्हणून डॉक्टर आणि बायका तीच घ्यायच्या. ताशी शंभरचा आकडा जगात पहिल्यांदा ओलांडला तोही विजेच्याच गाडीने, एकोणिसावं शतक संपायच्या आत. मग पेट्रोलच्या गाडीला हँडलच्या जागी विजेची मोटर बसली, बटण दाबलं की इंजिन सुरू, आणि विजेच्या गाडीला कुणी विचारेना. विजेनेच विजेचा गळा कापला, असं म्हणून अप्पा थांबत आणि समोरच्याकडे बघत.

बहुतेक लोक तोवर घड्याळाकडे बघायला लागलेले असत. अडीच नाही. तो पहिल्यांदा आला तेव्हा दोन तास ऐकत बसला होता. आमच्याकडे तेव्हा एक बंद काचांची जुनी गाडी होती. आतून छोट्या बैठकीच्या खोलीसारखी, समोरासमोर गाद्या, स्टिअरिंगच्या जागी एक आडवा दांडा. अडीचने तो दांडा इतक्या हलक्या हाताने धरला की अप्पा विरघळलेच. असा ऐकणारा जावई मिळतोय म्हटल्यावर त्यांनी दुसरं काही पाहिलंच नाही. मीही नाही पाहिलं. धाकटी तर काय, त्याच्या गाडीच्या रंगाबद्दलच बोलत राहायची.

तो तिला मारतो हे आम्हाला दीड वर्षानंतर कळलं. हाताने मारायचा ते वेगळंच. पण त्याची खरी शिक्षा गाडीतली होती. तिला शेजारच्या सीटवर बसवायचा, मोकळ्या रस्त्यावर न्यायचा, एक पाय ब्रेकवर, दुसऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण खाली. मग ब्रेक सोडायचा. त्या गाडीला आवाज नसतो, इशारा नसतो. तिचं डोकं मागे आपटायचं. शंभर झाले की कचकन ब्रेक, आणि डोकं पुढे. पुन्हा पहिल्यापासून. ती चुकले म्हणेपर्यंत. कधी कधी कशाबद्दल चुकले म्हणायचं हेच तिला ठाऊक नसायचं. पाचव्या महिन्यात असतानाही त्याने हे केलं, सलग अकरा वेळा. तिने मोजलं होतं.

हे तिने मला सांगितलं ते सहा महिन्यांच्या मुलीला कडेवर घेऊन कायमची घरी आली त्या सकाळी. मी तिचे केस धूत होते. डोक्याच्या मागे, मानेच्या जरा वर, माझ्या बोटांना एक टेंगूळ लागलं आणि ती बारीकशी विव्हळली. लहानपणी मीच तिला न्हाऊ घालायची. आई लवकर गेली होती. मी साबण धुऊन काढला आणि पाणी कोमट आहे ना ते पुन्हा बघितलं. 

अप्पांना तिने स्वतः सांगितलं. ते ऐकून ते खाली गेले आणि दिवसभर एकच बोल्ट घासत बसले.

खाली म्हणजे वर्कशॉपमध्ये. आम्ही राहायचो वरच्या तीन खोल्यांत. वर्कशॉपच्या मधोमध जमिनीवर एक पिवळा पट्टा मारलेला होता. पट्ट्याच्या अलीकडे अप्पांच्या जुन्या गाड्या, पलीकडे माझं काम: नव्या गाड्या, त्यांच्या बॅटऱ्या. पट्टा मीच मारला होता, अप्पांसाठी. त्यांच्या गाड्यांत शिशाच्या बॅटऱ्या असतात, सगळ्या मिळून ऐंशी व्होल्ट. कोरड्या हाताला ऐंशी व्होल्ट म्हणजे मुंगी चावल्यासारखे. अप्पा चाळीस वर्षं उघड्या हातांनी तारा धरत आले. करंट आहे का नाही हे ते अंगठा टेकवून बघायचे. माझ्याकडच्या गाड्यांत आठशे व्होल्ट असतात. म्हणून त्यांना पट्टा ओलांडायची बंदी होती. स्वतःच्या छपराखाली पोरीने सीमा आखून दिली म्हणून ते कुरकुरायचे, पण पाळायचे.

अकराव्या दिवशी अडीच आला. दुपारची वेळ होती, शटर पूर्ण वर होतं. बाळ त्या बंद काचांच्या जुन्या गाडीत झोपलं होतं. दार लावलं की बाहेरचा आवाज आत जात नसे, म्हणून धाकटीने तिथेच त्याची गादी केली होती. अडीचने गाडी दारात आडवी लावली आणि हसत आत आला. आधी अप्पांच्या पायाला हात लावला. मग धाकटीला म्हणाला की पुरे झालं आता, चल. ती नाही म्हणाली. फार हळू म्हणाली, पण म्हणाली.

त्याने तिचे केस धरले. इतक्या सवयीने धरले की त्याला हात कुठे न्यायचा ते बघावंही लागलं नाही. तिला ओढत दाराकडे निघाला. तिची एक चप्पल निघून मागे पडली. अप्पा मधे आले, त्याच्यापुढे हात जोडले. त्याने कोपर मारलं ते अप्पांच्या तोंडावर. दात पडल्याचा आवाज मी ऐकला. अप्पा खाली बसले तर त्याने त्यांच्या बरगडीत लाथ घातली, आणि मग आणखी एक, जरा थांबून, नेम धरून.

माझ्या हातात चाकाचे नट सोडवायची लांब पहार होती. मी ती त्याच्या मनगटावर मारली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा हाड मोडलेलं मला पहारीतून कळलं. केस सुटले. तो किंचाळला नाही. त्याने लोंबणाऱ्या हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "ताई, आता बघाच तुम्ही."

तो गाडीत बसला आणि उलटा रस्त्यापर्यंत गेला. मला वाटलं निघाला. मी अप्पांच्या तोंडातलं रक्त पुसायला वाकले. धाकटीला मात्र कळलं. गाडीचं नाक आमच्या दिशेने वळून खाली दबलं होतं आणि गाडी जागच्या जागी थरथरत होती. ते तिने आतून शेकडो वेळा अनुभवलं होतं. तो त्या जुन्या गाडीवर येणार होता. अप्पांचा जीव तिच्यात आहे हे त्याला ठाऊक होतं. आत बाळ आहे हे ठाऊक नव्हतं.

धाकटी धावली आणि दोन्ही हात पसरून जुन्या गाडीच्या पुढ्यात उभी राहिली.

अडीच सेकंद म्हणजे किती, हे सांगता येत नाही. मी "अगं" म्हणाले, तेवढंच. तो शेवटच्या क्षणी वळला की चाकं घसरली, ते मला आजही माहीत नाही. गाडी तिच्यापासून हातभर अंतरावरून गेली आणि पट्ट्यापलीकडच्या, गाड्या वर उचलायच्या लिफ्टच्या लोखंडी खांबावर आदळली. खांब वाकला. गाडीचं तोंड त्याच्याभोवती गुंडाळलं गेलं. खांबाच्या बुडाशी असलेल्या जाड पत्र्याने तिचं पोट पुढून मागे चिरत नेलं, आणि विजेच्या गाडीच्या पोटातच तिची बॅटरी असते. क्षणभर सगळं शांत. मग खालून टप, टप असा आवाज यायला लागला, मक्याचे दाणे फुटतात तसा, आणि पांढरा, गोडसर वासाचा धूर.

त्या आवाजानंतर किती वेळ असतो ते मला माहीत आहे. तीन मिनिटं, चार. मग आग, आणि ती आग विझत नाही.

धाकटीने बाळाला उचललं आणि दारात जाऊन उभी राहिली. अडीच शुद्धीवर होता. त्याचे पाय डॅशबोर्डखाली अडकले होते, दार उघडत नव्हतं, फुटलेल्या काचेतून तो हाक मारत होता. ताई, ताई. आठशे व्होल्टची जाड केशरी तार तुटून दारावर आडवी पडली होती. ती आधी बाजूला करायला हवी होती, आणि ते करू शकणारी तिथे मी एकटी होते.

मी भिंतीवरच्या पेटीतून लाल रबरी हातमोजे काढले. ते घालण्याआधी तपासायचे असतात. मनगटाकडून गुंडाळत न्यायचं, म्हणजे हवा बोटांत कोंडते आणि हातमोजा फुगतो. मग तो कानाशी धरायचा. सुईएवढं भोक असेल तरी सुस्कारा ऐकू येतो. एका हातमोज्याला पाच सेकंद लागतात. उजवा मी तपासला. चांगला होता. डावा तपासला. चांगला होता.

मग मी उजवा परत गुंडाळायला घेतला.

मी सावकाश गुंडाळत होते. कडा एकसारख्या धरून, बाळाचं लंगोट दुमडावं तसं.  धूर दाट होत होता आणि तो आता ताई म्हणायचं सोडून नुसता ओरडत होता, आणि मी फुगलेला हातमोजा कानाशी धरून ऐकत होते. मला त्या टेंगळाची आठवण येत होती. अकरा वेळा, पाचव्या महिन्यात. मी डावाही परत घेतला.

अप्पा भिंतीला धरून उभे राहिले होते. हनुवटीवरून रक्त गळत होतं. त्यांनी विचारलं, "काय करतेस?"

"तपासतेय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या हातांकडे बघितलं. चाळीस वर्षं त्यांनी माणसांचे हात काम करताना पाहिले होते. कोण काम करतंय आणि कोण नाही, हे त्यांना सांगावं लागत नसे.  ते पट्टा ओलांडून गेले आणि ती केशरी तार त्यांनी उजव्या हाताने धरली, नेहमी धरायचे तशी. डावा हात दाराच्या मोडक्या पत्र्यावर टेकवलेला होता.

आठशे व्होल्ट माणसाला फेकून देत नाहीत. धरून ठेवतात. अप्पा उभेच राहिले, ताठ, मान मागे, जणू वर काहीतरी वाचताहेत. त्यांच्या तळहातातून धूर येत होता. मी तोवर हातमोजे घालून पोचले होते, त्यांना मागे खेचलं, दोघं मिळून पडलो. छातीवर दाब देत राहिले, तोंडाने श्वास दिला. त्यांच्या तोंडात अजून रक्ताची चव होती. ते गेले होते. मला ते पहिल्या दाबातच कळलं होतं, तरी मी देत राहिले.

मग मी उठले. तार बाजूला केली, बॅटरीचा प्रवाह तोडायला पुढे तारेचा एक वेढा असतो तो कापला, पहारीने दार उचकटलं, सीटबेल्ट कापला, डॅशबोर्ड उचलला आणि त्याला काखेत धरून बाहेर ओढलं. त्याचे पाय गुडघ्याखाली भलत्याच दिशांना होते. या सगळ्याला मला पन्नास सेकंद लागले.

आम्ही दोघी मिळून त्या दोघांना रस्त्यापर्यंत ओढत नेलं, एकाला जिवंत, एकाला नाही. मागे गाडी पेटली. संध्याकाळपर्यंत जळत होती. विझवणारे पाणी मारून थकले. छप्पर गेलं, माझी सगळी हत्यारं गेली. जुनी गाडी मात्र काळी पडून उभी राहिली. चौकशीला आलेल्या साहेबांनी मला विचारलं की बचावाला उशीर का झाला. मी सांगितलं की नियमाप्रमाणे हातमोजे तपासत होते. त्यांनी ते लिहून घेतलं. त्यात खोटा शब्द एकही नव्हता.

अडीचला त्याच्या घरच्यांनी वकील दिला. अडीचचं म्हणणं, गाडी आपोआप सुटली. आमच्या बाजूने बोलायला आम्ही दोघीच होतो आणि मी त्याचं मनगट मोडलेलं होतं. प्रकरण लोंबकळत राहिलं.

सातव्या आठवड्यात त्याचा फोन आला. आम्ही तेव्हा वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. धाकटीने फोन स्पीकरवर टाकला, बहुधा मला ऐकू यावं म्हणून. तो रडत होता. पायात सळ्या आहेत, म्हणाला, रात्र रात्र झोप नाही. तुला वाचवायला मी गाडी वळवली. आणि अप्पांनी माझ्यासाठी जीव दिला. एवढा मोठा माणूस मला माफ करून गेला, मग तू का नाही. मी तो राहिलो नाही आता. उद्या सकाळी गाडी पाठवतो, बाळाला घेऊन ये.

त्याचं रडणं खोटं नव्हतं. तेच वाईट होतं.

सकाळी मी उठले तर ती बाळाचे कपडे पिशवीत भरत होती. छोटी टोपरी एकात एक घालून ठेवली होती. मी विचारलं की हे काय. तर म्हणाली, अप्पांना तसंच हवं होतं ना. नाहीतर त्यांनी हात घातला नसता.

मला ते सांगावंच लागलं. अप्पांनी त्याला माफबिफ काही केलं नव्हतं. मी एका माणसाला जळू देत होते आणि त्यांना ते बघवलं नाही, म्हणून ते गेले. दोन्ही हातमोजे मी दोनदा तपासले. दुसऱ्यांदाची गरज नव्हती. त्यांना मी मारलं.

मला वाटलं होतं ती कोसळेल. तिने टोपरं पिशवीत ठेवलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी दारातून बघत होते. तू परत उजवा घेतलास तेव्हा मला कळलं. मी ओरडू शकले असते. नाही ओरडले. मलाही तो मरायलाच हवा होता, ताई. मग आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू त्याला?"

 मी पिशवी तिच्या हातातून ओढली. तिने सोडली नाही. मी म्हणाले की शिक्षाच हवी असेल तर मला कर, तिकडे जाऊन स्वतःला करून घेऊ नकोस. मी असं म्हणायला नको होतं, किंवा तेच म्हणायला हवं होतं.

तिने मला मारलं. पहिली थप्पड कानावर बसली. मग मूठ, ओठावर. मी हात वर केले नाहीत. तिने माझे केस धरले, मानेच्या मागून, पिळा घालून, आणि डोकं मागे ओढून भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. ती दात आवळून, एक शब्द न बोलता मारत होती, आणि कुठे मारलं की लागतं हे तिला नेमकं ठाऊक होतं. शिकवणारा तसा होता. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. तिसऱ्यांदा डोकं मागे गेलं आणि पुढे आपटलंच नाही.

मी डोळे उघडले. तिची मूठ अजून माझ्या केसांत होती, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.

बाळ सतरंजीवर बसलं होतं. आता बसायला लागलं होतं ते, पाठीमागे उशी न लावता. आमच्याकडेच बघत होतं. रडत नव्हतं, दचकलंही नव्हतं. हातातला चमचा खाली ठेवून, अगदी गप्प, संपायची वाट बघत बसलं होतं. घरात हे चालू झालं की आवाज करायचा नाही, एवढं ते कधीतरी शिकलं होतं.

धाकटीने मूठ उघडली. माझे उपटलेले केस तिच्या बोटांत अडकले होते. ते तिने एकेक करून सोडवले.

खाली हॉर्न वाजला. थोड्या वेळाने परत वाजला. ती खिडकीशी गेली, ड्रायव्हरला म्हणाली की परत जा, कुणी येत नाहीये. तो विचारायला लागला की साहेबांना काय सांगू. ती म्हणाली, "सांग की अप्पांचं नाव परत घेऊ नका. आणि मी मेले तरी येणार नाही."

मग तिने बाळाला उचललं, पाठ थोपटत खोलीभर फिरत राहिली. ते रडावं म्हणून ती फिरत होती, असं मला वाटलं. बऱ्याच वेळाने ते रडलं एकदाचं, जोरात, भोकाड पसरून, आणि तीही रडायला लागली.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. कामापुरतं बोलते: दूध संपलंय, दार लाव. रात्री बाळ उठलं तर कधी कधी झोपेत त्याला माझ्याकडे सरकवते. मी घेते.